रोजचे कपडे : उतारवयात काय घालावं, कसं घालावं



मी निवृत्त नर्स आहे. मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा केला, इथे आल्यावर निवृत्त होईपर्यंत वॉर्डातच काम केलं, आणि आता बेरशेवाला राहते. वय 75. आपल्या वयाच्या माणसांसाठी औषधांवर, खाण्यापिण्यावर पुष्कळ लिहिलेलं असतं. रोज सकाळी अंगात काय घालायचं, यावर कोणी लिहीत नाही. मीही लिहिलं नसतं. पण दोन हिवाळ्यांपूर्वी रात्री बाथरूमला जाताना माझाच लांब गाऊन पायात आला, मी पडले आणि उजवं मनगट मोडलं.

हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. परकराची नाडी बांधता येईना, ब्लाउजचे हूक लागेनात. मुलगी कामावर जाण्याआधी येऊन मला कपडे घालून द्यायची. जन्मभर मी दुसऱ्यांचे कपडे बदलले, पण आपले दुसऱ्याने बदलले की कसं वाटतं ते तेव्हा कळलं. पुढे प्लास्टर निघालं तरी मी दिवसभर गाऊनवरच बसू लागले. गाऊनवर असलं की दार उघडायला लाज वाटते, म्हणून खाली जाणं बंद झालं, शूकला जाणं बंद झालं. एका दुपारी नातू म्हणाला, "सावता, तू अजून आजारी आहेस का?" मी आजारी नव्हते. त्याच आठवड्यात मी कपाट आवरायला काढलं.

तेव्हा जे केलं, आणि वॉर्डात इतकी वर्षं जे पाहिलं, ते खाली क्रमाने देते. बुटांचा एक जोड सोडला तर मी नवीन काही विकत घेतलं नाही. आपल्या कपाटात पुरेसं असतं, पण ते हाताशी नसतं.

कपाट आवरणं

सगळं कपाट एका दिवसात पलंगावर रिकामं करू नका. दमायला होतं आणि रात्री झोपायला जागा उरत नाही. रोज एक फळी घ्या, खुर्चीवर बसून. प्रत्येक कपड्याला तीन प्रश्न विचारा:

- हा मला एकटीला किंवा एकट्याला घालता आणि काढता येतो का?
- हा पायात येतो का, किंवा कशात अडकतो का?
- गेल्या वर्षभरात मी हा घातला का?

पहिल्या दोन प्रश्नांना नीट उत्तर मिळालं तर कपडा रोजच्या कप्प्यात. रोजचा कप्पा कंबर आणि खांदा यांच्या मधल्या उंचीवर हवा. वर हात करून, मान मागे टाकून कपडे काढताना चक्कर येते, खाली वाकून काढताना तोल जातो. स्टुलावर तर चढूच नका. आठवणीचे कपडे, म्हणजे लग्नाची साडी, आईचं लुगडं, यजमानांचा सूट, वरच्या फळीवर राहू द्या. ते टाकायला मी कोणाला सांगणार नाही. फक्त रोजच्या कप्प्यात त्यांची गर्दी नको.

चार खालचे, सहा वरचे

रोजच्यासाठी चार खालचे कपडे (पँट, सलवार, स्कर्ट) आणि सहा वरचे (कुडता, ब्लाउज, शर्ट) पुरतात. खालचे चारही एका घराण्याच्या रंगाचे ठेवा, म्हणजे निळा, करडा, तपकिरी. वरचे हवे त्या रंगाचे, फुलाफुलांचे चालतील. मग कुठलाही वरचा कुठल्याही खालच्यावर शोभतो आणि 24 जोड होतात. सकाळी विचार करावा लागत नाही. ज्यांना विसर पडतो त्यांच्यासाठी तर हे फारच सोपं.

वयाने नजर मंदावली की काळा आणि गडद निळा सारखेच दिसतात. मी गडद निळ्या पँटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका घातला आहे. बोटाला लागतो, दिवा लावावा लागत नाही.

खालचा कपडा घोट्याच्या वर चार बोटं संपला पाहिजे. माझे सगळे गाऊन मी त्या मापाने कापून दुमडले. बाह्या मनगटाशी रुंद असतील तर दाराच्या मुठीत अडकतात आणि गॅसवर जातात. त्याही आवळून घ्या.

हवेप्रमाणे

म्हातारपणी शरीराला थंडी-उन्हाळा उशिरा कळतो. घाम कमी येतो, तहान कमी लागते, कुडकुडणंही कमी होतं. म्हणून "मला गरम होत नाही" यावर विसंबू नका, खिडकीबाहेर पाहा आणि रेडिओवर हवामान ऐका.

आमच्या बेरशेवाला जानेवारीत पहाटे 7-8 अंश असतं आणि दुपारी 17 च्या आसपास. उन्हाळ्यात दुपारी 33 च्या वर आणि रात्री 20-21. एकाच दिवसात दोन ऋतू. यावर उपाय म्हणजे एकावर एक पातळ कपडे. एका जाड स्वेटरपेक्षा तीन पातळ कपडे जास्त ऊब देतात, कारण दोन कपड्यांच्या मध्ये हवा अडकते आणि तीच ऊब धरते. आत सुती बनियन, त्यावर कुडता किंवा शर्ट, त्यावर पुढून उघडणारा स्वेटर. डोक्यातून घालायचा स्वेटर नको. तो काढताना डोळे झाकतात, दोन्ही हात वर जातात आणि माणूस पडतो.

अश्दोद, हैफा अशा समुद्रकाठी दमटपणा असतो. तिथे पॉलिस्टर अंगाला चिकटतं आणि स्तनांखाली, जांघेत, पोटाच्या घडीत कातडी लाल होते. सुती कपडे घाला आणि अंघोळीनंतर त्या जागा टिपून कोरड्या करा. जेरुसलेमला थंडी जास्त, तिथे पायमोजे आणि टोपी आधी काढून ठेवा.

हमसीनच्या दिवसांत, म्हणजे पेसाहच्या आसपास आणि पुन्हा सुकोथच्या सुमारास, सैल, फिक्या रंगाचे, पूर्ण बाहीचे सुती कपडे आणि रुंद काठाची टोपी. पूर्ण बाहीने ऊन कातडीपर्यंत येत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी अशा दिवसांत पाणी किती प्यावं ते डॉक्टरांना विचारून ठेवावं. उन्हात कोणी गोंधळल्यासारखं बोलू लागलं, अंग तापलं, तर कपडे सैल करा, सावलीत न्या, ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच 101 ला फोन करा.

पेसाहला हिवाळी कपडे एकदम बांधून वर टाकायची आपली सवय आहे. एक स्वेटर मात्र वर्षभर खाली ठेवा. दवाखान्यात आणि बसमध्ये मझगान फार थंड असतो.

पायात काय

आपल्या घरांत फरशी असते आणि स्पोंजा केल्यावर ती ओली राहते. नुसते पायमोजे घालून त्यावर चालू नका. मागून उघडी चप्पलही नको. टाच धरणारा, रबरी तळाचा, पुढून बंद बूट घरातही घाला. मी घेतलेला जोड चिकटपट्टीचा आहे, वाकून लेस बांधावी लागत नाही.

मधुमेह असेल तर बूट घालण्याआधी आत हात फिरवून पाहा. खडा, सुटलेला टाका, दुमडलेलं अस्तर पायाला जाणवत नाही आणि जखम होते. मोज्याचं इलॅस्टिक संध्याकाळी पिंडरीवर वळ उठवत असेल तर मोजा घट्ट आहे. इलॅस्टिकला दोन ठिकाणी कात्री लावा किंवा सैल मोजे घ्या. घट्ट आधाराचे मोजे डॉक्टरांनी दिले असतील तर ती गोष्ट वेगळी, ते सांगितल्याप्रमाणेच घालायचे.

साडी सोडावी का?

हा प्रश्न मला बायका नेहमी विचारतात. माझी आई कोकणात वाढली. तिथे तिने नऊवारी कासोटा मारून नेसली, विहिरीवर गेली, शेताच्या बांधावरून चालली. कासोट्यामुळे दोन्ही पाय मोकळे राहतात आणि पायाखाली काही येत नाही. आपण मुंबईत सहावारी नेसू लागलो. तिच्या निऱ्या जमिनीपर्यंत येतात आणि जिना चढताना त्याच पायात येतात. म्हणून साडी सोडू नका, नेसण्यात बदल करा:

1. आधी बूट किंवा चप्पल घाला, मग नेसा. साडी जमिनीपासून चार बोटं वर हवी.
2. निऱ्या शिवून घ्या. शिवलेली साडी स्कर्टसारखी चढवता येते आणि बघणाऱ्याला कळत नाही.
3. परकराला नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक लावा. घट्ट नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी बांधून कंबरेची कातडी काळी पडते, सोलते. क्वचित त्या जुन्या जखमेचा कॅन्सर होतो, भारतातल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांची नोंद केली आहे. कंबरेवर न भरणारी जखम असेल तर लाजू नका, दाखवा.
4. पदर खांद्याला पिन लावून ठेवा आणि स्वयंपाक करताना कमरेला खोचा. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावतानाही हेच. नायलॉनचा पदर पेट घेतला की विरघळून कातडीला चिकटतो. मी अशा भाजलेल्या बायकांची शुश्रूषा केली आहे, म्हणून हे जोर देऊन सांगते. हिवाळ्यात विजेच्या हीटरशेजारी बसतानाही पदर आवरा.

कपडे चढवण्याची रीत

- रात्रीच कपडे खुर्चीवर काढून ठेवा. ज्या क्रमाने घालायचे त्या क्रमाने, आधी घालायचा सगळ्यात वर.
- झोपेतून उठल्यावर दोन-तीन मिनिटं पलंगाच्या काठावर बसा. एकदम उठलं की रक्तदाब उतरतो आणि अंधारी येते.
- पँट, सलवार, मोजे, बूट हे सगळं बसून घाला. खुर्ची हातांची हवी. एका पायावर उभं राहून पँट घालणं आता विसरा.
- पक्षाघाताने किंवा दुखण्याने एक हात अधू असेल तर घालताना अधू हात आधी बाहीत, काढताना तो शेवटी. हे एवढं लक्षात ठेवलं तर बरेच जण स्वतः शर्ट घालू शकतात.
- बटणं लागत नसतील तर काजाच्या मागे चिकटपट्टी शिवून बटण वरून दिसेल असं लावा.

कुठे जाताना काय

*कुपात खोलीमला:* पुढून उघडणारा वरचा कपडा आणि सैल बाही. रक्तदाब उघड्या दंडावर मोजतात. घट्ट बाही वर गुंडाळली तर ती दंड आवळते आणि आकडा चुकतो. ईसीजी असेल तर सबंध झग्यापेक्षा वर-खाली वेगळे कपडे बरे.

*शब्बाथला सिनेगॉगमध्ये:* एक जोड त्यासाठी वेगळा ठेवा आणि आठवड्यात घालू नका. शब्बाथ आल्यासारखा वाटतो.

*किप्पुरला:* आपले वाडवडील याला दरफाळणीचा सण म्हणत आणि पांढरे कपडे घालत. चामड्याचे बूट त्या दिवशी चालत नाहीत, म्हणून लोक सैल प्लॅस्टिकच्या चपला घालतात. त्यात उपवासाने आधीच गळाठा आलेला. रबरी तळाचा कापडी बूट आधीपासून घालून सवय करा. आणि उपवास धरावा की नाही ते डॉक्टरांना अगोदर विचारा.

*मेहंदीला, लग्नाला:* शिवलेली साडी, आणि हॉलमध्ये जिने असतील तर नातवंडाचा हात धरा.

पुरुषांसाठी दोन शब्द

पोट सुटलं की पट्टा खाली सरकतो आणि पँट पायात येते. त्यापेक्षा मागे इलॅस्टिक असलेली पँट किंवा गॅलिस बरे. लघवीची घाई होते त्यांनी बारीक हूक आणि बटणांच्या पँट सोडून द्याव्या. आणि यजमान गेल्यावर जशी बायको गाऊनवर राहते, तसा बायको गेल्यावर नवरा पायजम्यावर राहतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. मुलांनी हे दिसलं तर रागावू नये. जाऊन एक शर्ट इस्त्री करून द्यावा आणि "चला बाबा, खाली जाऊन येऊ" म्हणावं.

मेतापेलेत असेल तर

तिला घाई असते, म्हणून ती स्वतःच सगळं घालून देते. तिला सांगा, बटणं मी लावीन, तू फक्त मोजे घाल. जे काम आपण रोज करणं सोडतो ते हात विसरतात. आणि दोन कपडे समोर धरून "कुठला?" एवढं तिने विचारावं. ज्यांना फारसं आठवत नाही त्यांनाही दोनातला एक निवडता येतो. वॉर्डात अशी बोट दाखवणारी माणसं मी पाहिली आहेत, जी दिवसभर दुसरं काहीच बोलत नसत.

माझं मनगट आता बरं आहे, थंडीत थोडं दुखतं. सकाळी सात वाजता मी खुर्चीवर बसून निळी पँट आणि वरचा सहापैकी एक कुडता घालते आणि साडेसातला खाली बाकावर जाते. तिथे आम्ही चौघी बसतो. एखादी आली नाही तर उरलेल्या तिघी तिच्या घरी फोन करतात.

तब्येत सांभाळा. आज एक फळी आवरा.