लोकशिक्षणाचा वासंतिक उत्सव

पुण्यातील वसंत व्याख्यानमालेच्या आरंभाला २०२५ साली दीडशे वर्षे पूर्ण झाली. प्रौढांच्या शिक्षणासाठी दरवर्षी नेमाने भरणारा असा ज्ञानोत्सव महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात विरळाच.

महादेव गोविंद रानडे १८७१ साली सरकारी नोकरीनिमित्त पुण्यास आले. त्यापूर्वी वर्षभर, १८७० मध्ये, तेथे सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. मुलांसाठी शाळा निघाल्या होत्या; परंतु संसारात पडलेल्या माणसाने राज्यकारभार, अर्थकारण वा इतिहास समजून घ्यावा, अशी सोय नव्हती. कीर्तन-पुराणांची जुनी परंपरा लोकशिक्षणाचेच कार्य करीत असे. मात्र तिचे विषय ठरलेले असत. नव्या काळाच्या प्रश्नांना नवे व्यासपीठ हवे होते. या गरजेतून रानडे यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. पुढे वक्तृत्वोत्तेजक सभेने तिची धुरा वाहिली व २१ एप्रिल ते २० मे हा काळ रूढ झाला. श्रोत्यांनी महिनाभर रोज नवा विषय ऐकावा, हा या मालेचा विशेष.

याच प्रेरणेतून १८७८ साली रानडे व लोकहितवादी यांनी पुण्यास मराठी ग्रंथकारांचे संमेलन भरविले. व्याख्यान व ग्रंथ ही लोकशिक्षणाची दोन चाके होत, हे त्या पिढीने ओळखले होते.

परंतु या रथात बसावयाचे कोणी? १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. १८८५ मध्ये ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारताना, शूद्रातिशूद्रांच्या हक्कांकडे पाठ फिरविणाऱ्यांच्या सभेत आपण मिसळू शकत नाही, असा त्यांचा आशय होता. हा आक्षेप ग्रंथकारांविषयीचा असला, तरी नगरातील सुशिक्षितांपुरत्या राहणाऱ्या प्रत्येक ज्ञानोपक्रमाला तो लागू पडतो.

त्याचे एक उत्तर बडोद्याने दिले. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो संपूर्ण संस्थानात लागू केला. १९१० नंतर ग्रंथपाल बोर्डन यांच्या साहाय्याने ग्रंथालये गावोगाव नेली. साक्षर केलेल्या माणसाच्या हाती पुस्तक देणे, हा त्यामागील हेतू.

व्याख्यानमाला विचाराला चालना देते, शाळा अक्षर देते, ग्रंथालय त्या दोहोंना टिकवून धरते. यांपैकी एकही दुवा तुटला, तर लोकशिक्षण केवळ उत्सव बनते. ग्रंथालयाची शताब्दी साजरी करताना ध्यानी ठेवावे, ते हेच.