धुळीची बातमी देणारे हुआन गोन्सालेस

आपल्या गावाची बातमी पेपरात कधी येते? अपघात झाला, मारामारी झाली की येते. अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या घराण्यांतल्या लोकांचीही हीच तक्रार होती. मेक्सिको, क्युबा, पोर्तो रिको अशा ठिकाणांहून आलेल्या या लोकांना तिथे हिस्पॅनिक म्हणतात. त्यांच्यातल्या पत्रकारांनी १९८४ साली देशपातळीवर आपली संघटना बांधली. २००२ ते २००४ या काळात तिचे अध्यक्ष होते हुआन गोन्सालेस. आज आम्ही त्यांच्याविषयी सांगणार आहोत.

त्यांचा जन्म १९४७चा, पोर्तो रिको बेटावरच्या पोन्से शहरातला. हे बेट १८९८पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे. गोन्सालेस वाढले मात्र न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत. १९६९ साली त्यांनी बरोबरीच्या तरुणांसोबत ‘यंग लॉर्ड्स’ या संघटनेची न्यूयॉर्क शाखा काढली. ईस्ट हार्लेममध्ये या पोरांनी लोकांना विचारलं, तुमची अडचण काय? लोक म्हणाले, कचरा! पालिकेच्या गाड्या तिकडे वेळेवर फिरकत नसत. पोरांनी हातात झाडू घेतले, रस्ते झाडले, ढीग लावले. तरी कुणी उचलेना. मग त्यांनी तोच कचरा मोठ्या रस्त्यावर आडवा टाकून वाहतूक अडवली. तेव्हा कुठे शहराने मान वळवून पाहिलं.

१९७८पासून ते फिलाडेल्फियात बातमीदारी करू लागले. १९८७ साली ‘न्यूयॉर्क डेली न्यूज’मध्ये आले, आणि १९९०मध्ये तिथे कामगारांचा संप झाला तेव्हा पुढाऱ्यांमध्ये तेही होते. १९९६पासून ‘डेमोक्रसी नाऊ’ हा रेडिओ कार्यक्रम ते एमी गुडमन यांच्यासोबत करू लागले. जाहिरातींवर नाही, श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या केंद्रांवर तो सुरू झाला. आम्हा रेडिओवाल्या बायांना याचं विशेष अप्रूप.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे दोन उंच मनोरे हल्ल्यात कोसळले. सिमेंट, काच, शिसं, ॲस्बेस्टॉस, सगळ्यांची धूळ शहरावर बसली. आठवड्याभरातच केंद्राच्या पर्यावरण खात्याने हवा सुरक्षित असल्याचं जाहीर केलं. गोन्सालेस यांनी खात्याच्याच चाचण्यांचे कागद वाचले आणि २६ ऑक्टोबरला लिहिलं, इथली हवा विषारी आहे. अधिकारी चिडले. पुढचे लेख छापून आणायला त्यांना आपल्याच पेपरात झगडावं लागलं. इकडे आसपासची कार्यालयं आणि घरं पुसायला मजूर लावले होते. त्यांत परदेशांतून पोटासाठी आलेल्या कितीतरी बाया होत्या, पुष्कळजणींना धड मास्कही नव्हता. घरात धूर खाऊन स्वयंपाक केलेल्या बाईला छातीतला तो खोकला वेगळा सांगायला नको. २००३ साली खात्याच्या स्वतःच्या तपासनिसानेच अहवाल दिला, की हवा सुरक्षित आहे असं म्हणण्याइतकी माहिती तेव्हा खात्याकडे नव्हती. आजारी पडलेल्यांच्या उपचारांचा कायदा मात्र व्हायला जानेवारी २०११ उजाडलं.

या धुळीच्या भांडणातच ते संघटनेचे अध्यक्ष झाले. आमच्या माणसांना नोकऱ्या द्या, एवढंच मागून ते थांबले नाहीत, हे आम्हाला मोठं वाटतं. २००३ साली संघटनेने एक उपक्रम काढला. ज्या गावांत हिस्पॅनिक वस्ती मोठी पण पेपरात त्यांचे बातमीदार थोडे, तिथे संपादकांना वस्तीतल्या लोकांसमोर बसवायचं, आमचं काय छापत नाही ते तोंडावर ऐकवायचं, आणि मग भरती करून घ्यायची. त्याच वर्षी, थोड्या कंपन्यांच्या हाती सगळी वृत्तपत्रं आणि वाहिन्या जाऊ देणाऱ्या नियमांनाही संघटनेने विरोध केला.

पुढे २००९च्या अखेरीस त्यांनी हात घातला तो हजेरीपटाला! पालिका कामगारांची हजेरी आणि पगार संगणकावर घ्यायचं काम ६ कोटी ३० लाख डॉलरचं होतं, ते ७० कोटींवर गेलं होतं. मस्टरमधला घोळ आपल्याला काय नवा? गोन्सालेस लेखामागून लेख लिहीत राहिले. वर्षभरात अटका झाल्या, आणि २०१२ साली ठेकेदार कंपनीने ५० कोटी डॉलर भरायचं कबूल केलं.