विजेवरील मालमोटारी आणि टायरचा हिशेब

डिझेलचा खर्च वाचतो, इंजिन ऑइल बदलावे लागत नाही, क्लच-गिअरबॉक्सची दुरुस्ती जवळजवळ संपते, या हिशेबावर विजेवर चालणारी मालमोटार विकत घेतली जाते. हा हिशेब चुकीचा नाही. मात्र त्यात एक रकाना बहुधा रिकामा राहतो. तो टायरचा. इतर खर्च घटल्यामुळे विजेच्या मालमोटारीच्या देखभालीत टायर हीच सर्वांत मोठी नियमित बाब ठरते आणि डिझेल गाडीच्या सवयीने टायर निवडले, तर वाचलेल्या पैशांतील बराच भाग रस्त्यावर घासून जातो. शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण तालुक्यांत तर हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. घाट, पाऊस आणि काँक्रीटचे रस्ते येथे एकाच फेरीत भेटतात आणि टायरच्या निवडीवर गाडीची व माणसांची सुरक्षितता अवलंबून राहते.

विजेची मालवाहतूक कोठवर आली?

छोट्या मालवाहतुकीत टाटा कंपनीने मे २०२२ मध्ये २१.३ युनिट क्षमतेच्या बॅटरीची 'एस ईव्ही' सादर केली. अवजड ट्रकांसाठी केंद्र सरकारने 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेखाली जुलै २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यानुसार साडेतीन टनांपेक्षा अधिक एकूण वजनाच्या इलेक्ट्रिक ट्रकला जुने वाहन मोडीत काढल्याच्या प्रमाणपत्राच्या अटीवर कमाल ९ लाख ६० हजार रुपयांपर्यंत साह्य मिळू शकते.

शहापूर तालुक्यातून मुंबई-नाशिक महामार्ग जातो. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाल्यापासून तोही या तालुक्यातून वाहता झाला आहे. मुरबाडमधून कल्याण-माळशेज-अहिल्यानगर हा मार्ग जातो आणि तेथील औद्योगिक वसाहतीत मालाची सतत ये-जा असते. भिवंडीची गोदामे दोन्ही तालुक्यांना जवळची आहेत. विजेची मालवाहतूक या पट्ट्यात रुजणार, ती याच रस्त्यांवर.

टायर अधिक का झिजतात?

पहिले कारण वजन. सुमारे ३०० युनिट क्षमतेच्या बॅटरीसंचाचे वजन दोन टनांच्या आसपास भरते. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिझेलची टाकी वजा केली, तरी रिकामी इलेक्ट्रिक गाडी तितक्याच क्षमतेच्या डिझेल गाडीपेक्षा जड राहते. कायद्याने ठरवलेली एकूण वजनाची मर्यादा पाळली, तर भरलेल्या गाडीत फार फरक पडत नाही. फरक पडतो तो रिकाम्या परतीच्या फेरीत. डिझेल ट्रकच्या टायरांना परतताना विसावा मिळतो, इलेक्ट्रिक ट्रकच्या टायरांना तो तितकासा मिळत नाही.

दुसरे कारण मोटारीचा जोर. डिझेल इंजिनाचा जोर फेरे वाढत जातील तसा हळूहळू येतो; विजेच्या मोटारीचा पूर्ण जोर पहिल्याच फेऱ्याला मिळतो. पाय जोरात पडला, की रबर रस्त्यावर किंचित घसरते. ही घसरण डोळ्यांना दिसत नाही, पण दिवसाकाठी शेकडो वेळा ती घडते. प्रवासी मोटारींच्या बाबतीत अशा कारणांनी टायर २० टक्क्यांपर्यंत लवकर झिजू शकतात, असे टायर उद्योगात मानले जाते. ट्रकच्या बाबतीत हे प्रमाण भार, रस्ता आणि चालकाची सवय यांनुसार बरेच बदलते.

तिसरे कारण रीजनरेटिव्ह ब्रेकिंग, म्हणजे वेग कमी करताना मोटारीनेच वीज निर्माण करून ती बॅटरीत परत घालण्याची सोय. यामुळे ब्रेकचे लायनर दीर्घकाळ टिकतात; पण गाडी अडवण्याचे काम सर्व चाकांत विभागले न जाता मोटारीला जोडलेल्या ॲक्सलच्या टायरांवर येते. पुढे ढकलण्याचे आणि मागे ओढण्याचे, दोन्ही ताण तेच टायर सोसतात.

घाटाची परीक्षा

कसाऱ्याच्या घाटात हे स्पष्ट होते. २८ टनांचा ट्रक १०० मीटर उंची उतरतो, तेव्हा सुमारे साडेसात युनिट ऊर्जा मोकळी होते. डिझेल गाडीत तिचा मोठा भाग ब्रेक तापवण्यात जातो. इलेक्ट्रिक गाडीत त्यातील बराचसा भाग बॅटरीत परत येतो. मात्र तो येतो मोटारीला जोडलेल्या मोजक्या टायरांच्या रस्त्याशी असलेल्या पकडीतून. टायर गुळगुळीत असतील आणि रस्ता ओला असेल, तर हीच पकड सुटण्याचा धोका असतो. गाडी रिकामी असताना मागील चाकांवर भार कमी असतो, म्हणून हा धोका अधिक. पावसात घाट उतरताना रीजनची तीव्रता मध्यम ठेवून वेग आधीच कमी करणे हे शहाणपणाचे होय. शिवाय घाटमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरलेली असल्यास ती परतीची वीज घेऊ शकत नाही आणि सारा भार नेहमीच्या ब्रेकवर येतो, हेही चालकाने ध्यानात ठेवावे.

समृद्धी महामार्गाने इगतपुरी-कसारा दरम्यानच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून जाणाऱ्या गाडीची घाटातील वळणे टळतात. पण तेथे परीक्षा वेगळी असते. काँक्रीटच्या पृष्ठभागावर उन्हाळ्यात सलग एका वेगाने धावताना टायर तापतो, आणि हवा कमी असलेला टायर सर्वांत आधी दगा देतो. समृद्धीवर टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायरची तपासणी सुरू केली, ती याच अनुभवातून.

टायरवरील आकडे काय सांगतात?

नवा टायर घेताना ब्रँडच्या आधी भारांक पाहावा. टायरच्या बाजूवर '१५२/१४८' असे दोन आकडे असतात. पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. १५२ म्हणजे ३५५० किलो आणि १४८ म्हणजे ३१५० किलो प्रति टायर. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ॲक्सलवरील भाराच्या मर्यादा वाढवल्या. चार टायरांच्या एकेरी ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली, तर पुढच्या दोन टायरांच्या ॲक्सलची ६ टनांवरून ७ टन. म्हणजे पुढच्या प्रत्येक टायरवर ३५०० किलोपर्यंत भार येऊ शकतो आणि १५२ भारांकाच्या टायरला जेमतेम ५० किलोची सवलत उरते. बॅटरी चेसिसच्या पुढच्या भागात असलेल्या गाडीत ही सवलत पाहता पाहता संपते. म्हणून मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर, तो कितीही स्वस्त असो, बसवू नये. छोट्या गाडीला प्रवासी मोटारीचा टायर बसवण्याची काटकसर तर थेट धोक्याची आहे.

दुसरी निवड नायलॉन की रेडियल, ही. खडी आणि खाणींच्या रस्त्यांवर नायलॉन टायरची बाजू दणकट मानली जाते. परंतु तो फिरताना अधिक ऊर्जा खातो आणि अधिक तापतो. इलेक्ट्रिक गाडीत ती ऊर्जा बॅटरीतून जाते. म्हणून गाडी मुख्यतः डांबरी वा काँक्रीटच्या रस्त्यावर धावत असेल, तर रेडियलच योग्य.

पल्ला की आयुष्य?

महामार्गावर धावणाऱ्या अवजड ट्रकच्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा टायरच्या रोधावर मात करण्यात खर्च होतो. हा रोध १५ टक्क्यांनी कमी झाला, तर एकूण ऊर्जेत ५ टक्के बचत होते. म्हणजे २०० किलोमीटर पल्ल्याच्या गाडीला सुमारे १० किलोमीटर अधिक मिळतात. आसनगावहून निघालेली गाडी नाशिकला चार्जिंगविना पोहोचून परतू शकेल की नाही, हे कधीकधी एवढ्या फरकावर ठरते.

मात्र कमी रोधाच्या टायरची नक्षी बहुधा उथळ असते आणि ती लवकर संपते. उलट खोल, ठोकळेदार नक्षीचा टायर अधिक किलोमीटर देतो, पण पल्ला घटवतो. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. टायर झिजत जातो तसा त्याचा रोध कमी होतो. त्यामुळे नवे टायर बसवल्यावर पल्ला अचानक घटलेला दिसतो आणि दोष बॅटरीला दिला जातो. बॅटरी तपासण्यापूर्वी टायर कधी बदलले, हे आठवावे.

निवड मार्गावरून करावी. भिवंडी-शहापूर-नाशिक अशी महामार्गावरील ठरलेली फेरी असेल, तर कमी रोधाचे टायर परवडतात. मुरबाड, सरळगाव, किन्हवली अशा अंतर्गत रस्त्यांवर, वारंवार थांबत आणि वळत जाणाऱ्या गाडीचे रबर वळणांवरच अधिक घासते. तेथे पल्ल्यापेक्षा टिकाऊ नक्षी आणि भक्कम बाजू महत्त्वाची ठरते. २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी टायरचा रोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांचे किमान निकष देशात लागू केले. विक्रेत्याकडे या तिन्ही गोष्टींची चौकशी करण्याचा ग्राहकाला अधिकार आहे.

रिमोल्डचे स्थान

रिमोल्ड टायर सरसकट वाईट नसतो. सांगाडा निरोगी असेल आणि काम चांगल्या कारखान्यात झाले असेल, तर ट्रेलरच्या किंवा न चालणाऱ्या ॲक्सलवर तो योग्य काटकसर ठरतो. इलेक्ट्रिक गाडीच्या मोटारीला जोडलेल्या ॲक्सलवर मात जोराचे झटके दोन्ही दिशांनी येत असल्याने नव्या रबराचा जोड कसोटीला लागतो. तेथे नवा टायर घालून तो अर्धा झिजल्यावर इतरत्र हलवणे अधिक श्रेयस्कर. पुढच्या ॲक्सलवर रिमोल्ड टायर नकोच. हाताने खाचा पाडून गुळगुळीत टायर 'नवा' करण्याचा प्रकार, टायरवर तशी परवानगी छापलेली नसल्यास, जिवाशी खेळ आहे.

केव्हा बदलावा?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चारचाकी व त्यावरील वाहनांच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. ही कायद्याची शेवटची रेषा आहे, सुरक्षिततेची नव्हे. जून ते सप्टेंबर या काळात सह्याद्रीच्या पायथ्याशी कोसळणाऱ्या पावसात पाणी बाहेर टाकायला खोल खाचा लागतात. म्हणून मे महिन्यातच तपासणी करून ३ मिलिमीटरच्या जवळ आलेले टायर पावसाळ्यापूर्वी बदलावेत. जोडचाकांत एक नवा आणि एक झिजलेला टायर ठेवू नये. व्यासातील फरकामुळे मोठा टायर सारा भार उचलतो आणि दोन्ही लवकर संपतात. टायरवरील चार आकडी क्रमांकही वाचावा. '२३२४' म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर.

हवा सकाळी, टायर थंड असताना, मापकाने तपासावी. हातोडी मारून आवाजावरून अंदाज घेण्याची पद्धत जड बॅटरीच्या गाडीला चालत नाही. ठरावीक अंतराने टायरांच्या जागा बदलाव्यात आणि अलाइनमेंट पाहावे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. हप्त्यावर घेतलेल्या एका गाडीवर घर चालवणाऱ्या मालक-चालकाला हा दिलासा आहे. वाचलेली रक्कम स्वस्त टायरचा आणखी एक जोड घेण्यात घालवायची, की योग्य भारांकाचा आणि ओल्या रस्त्यावर पकड राखणारा टायर घेण्यात, हा निर्णय ज्याचा त्याने करावयाचा आहे. घाटातल्या पहिल्या पावसात त्या निर्णयाची किंमत कळते.