दस्ता लांब होता

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा निरोप आला, तेव्हा मला सर्वांत आधी शाळेची इमारत आठवली नाही. आठवली ती एन.सी.सी.ची पॉइंट टू टू रायफल. 1978 साली दुसरबीडहून आम्ही काही मुलं शिबिराला गेलो होतो. पालथं पडून, पंचवीस यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या. आमच्यातल्या सर्वांत ठेंगण्या मित्राच्या पाचही गोळ्या पाच दिशांना गेल्या. शिकवणाऱ्यांनी सगळ्यांसमोर ‘याला नेमच नाही’ म्हणून त्याला बाजूला बसवलं. पुढं त्यानं एन.सी.सी. सोडली. कारण कुणी विचारलं नाही, मीही नाही.

त्याचे वडील सुतार. त्यांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, ‘‘रुमणं माणूस पाहून करतेत. पोराला बंदूक कुणी बसवून देली व्हती का?’’

तेव्हा आम्ही हसलो. पुढं आयुष्यभर इतिहास शिकवताना कळलं, की म्हातारा बरोबर होता आणि इंग्रजांच्या सैन्यालाही हे ठाऊक होतं. ली-एनफिल्ड रायफलीचे दस्ते वेगवेगळ्या लांबीचे बनत. नेहमीचा दस्ता, अर्धा इंच जास्त लांबीचा, अर्धा इंच आखूड, आणि बुटक्या शिपायासाठी पूर्ण इंचभर आखूड, त्याचं नाव ‘बँटम’. दस्त्याच्या वरच्या बाजूला, पितळी पट्टीजवळ, इंग्रजी अक्षराचा ठसा असे. पट्टीतलं झाकण उघडून लांब पेचकसानं आतला एक बोल्ट सोडला, की दस्ता निघे. शस्त्रागारातल्या कारागिराचं काही मिनिटांचं काम. अशाच रायफलींची नळी बदलून सरावासाठी पॉइंट टू टू करत. वजन मात्र साधारण चार किलोच राही. दस्ता लांब असला, की डोळा दर्शकापासून मागं राहतो, खांदा ताणतो, मान वाकडी होते. गोळी सरळ कशी जाईल?

या काडतुसाचा जन्म 1887 चा, अमेरिकेतला. घोड्याचा आघात काडतुसाच्या मध्यावर न होता कडेवर होतो, म्हणून ते स्वस्त आणि सौम्य. आमची रायफल दर गोळीला बोल्ट ओढायची. 1964 साली तिकडे रुगर कंपनीनं 10/22 काढली, ती अर्ध-स्वयंचलित. उडालेल्या गोळीच्या धक्क्यानंच बोल्ट मागं जातो आणि पुढचं काडतूस आत येतं.

गेल्या वर्षी मुलाकडे टेक्सासला गेलो, तेव्हा त्याच्या शेजाऱ्याकडे ही रायफल पाहिली. त्यानं टेबलावर कापड अंथरून ती माझ्यासमोर उघडली. नळीवरची कडी काढली, एक स्क्रू सोडला, सेफ्टीचं बटण अर्ध्यावर आणलं, आणि यंत्र लाकडातून अलगद वर आलं. तिथं बाजारात तिचे तयार दस्ते मिळतात, लाकडाचे, प्लास्टिकचे, गाल टेकायची उंची बदलणारे. त्याला जाड नळी बसवायची होती, म्हणून नव्या दस्त्यातली खाच दांडीला गुंडाळलेल्या पॉलिश-कागदानं तो हळूहळू रुंद करत होता. लाकूड नळीला एकीकडून टेकलं, तर गोळ्यांचा झुबका पसरतो, म्हणाला. मला मित्राच्या वडिलांचा रंधा आठवला.

आपल्याकडे हे घरी करता येत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. पण नेमबाजीच्या मैदानावर बघा. 2010 साली म्युनिकला जगज्जेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, 2024 साली पॅरिसला कांस्यपदक घेणारा स्वप्नील कुसाळे, दोघंही याच पॉइंट टू टूचे नेमबाज. त्यांच्या रायफलींना गालाची फळी, खांद्याची पट्टी, सगळं मिलिमीटरनं सरकतं. तिथं माणसाला बंदुकीच्या मापाचं व्हावं लागत नाही.

मेळाव्याचं ठरल्यावर मित्राला फोन केला. शेती करतो, नातवंडं आहेत. त्याला चार मापांचे दस्ते, अक्षराचे ठसे, सगळं सांगितलं. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, ‘‘आपल्या त्या बंदुकीवर कोणतं अक्षर होतं रे?’’

मी तेव्हा पाहिलंच नव्हतं.