संगीत विद्यालय आणि गृहस्थाचे घर : विष्णु दिगंबरांच्या लोकसंपर्काचा एक विचार

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. संस्थानिकांच्या आश्रयावाचून, लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर संगीताची शाळा चालविण्याचा हा प्रयत्न हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासात नेहमीच गौरविला जातो. स्वरलेखन, क्रमिक पुस्तके, परीक्षा आणि पदव्या या अंगांनी त्याची चर्चाही पुष्कळ झाली आहे. त्या मानाने एका प्रश्नाकडे कमी लक्ष गेले आहे. ज्या समाजात गाणे ऐकणे हा शौक आणि गाणे शिकणे हा कलंक मानला जात होता, त्या समाजातील आईबापांनी आपली मुले, आणि पुढे मुलीही, या शाळेत का पाठविल्या? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

एकोणिसाव्या शतकात संगीताचे शिक्षण गुरूच्या घरी होत असे. विष्णु दिगंबरांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांना ही विद्या मिळविण्यासाठी घरदार सोडून वर्षानुवर्षे भ्रमंती करावी लागली होती. गाणे शिकावयाचे म्हणजे स्वतःचे कुटुंब सोडून गुरूच्या कुटुंबात सामील व्हावयाचे, असाच त्याचा अर्थ होता. दुसऱ्या बाजूला गाण्याची बैठक म्हटली की सुशिक्षित गृहस्थाच्या डोळ्यांपुढे दरबार, कोठी आणि व्यसन यांचेच चित्र उभे राही. ही तेढ कमी करण्याचे प्रयत्न लाहोरपूर्वीही झाले होते. मुंबईत १८७० मध्ये कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने पारशी गायन उत्तेजक मंडळी निघाली. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज स्थापन झाला. बडोद्यास १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या नेतृत्वाखाली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायनशाळा सुरू झाली. तथापि पहिल्या दोन संस्थांचा पाया रसिक सभासदांचा होता आणि तिसरीचा राजाश्रयाचा. अनोळखी शहरात जाऊन, ज्या घरांशी भाषेचेही नाते नाही अशा घरांचा विश्वास संपादन करण्याची वेळ त्यांपैकी कोणावरच आली नव्हती.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८७२ मध्ये कुरुंदवाडचा. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. बालपणी शोभेच्या दारूच्या अपघातात दृष्टी अधू झाली आणि शालेय शिक्षणाची वाट बंद झाल्याने मुलाला मिरजेस बाळकृष्णबुवांच्या हाती सोपविण्यात आले. मिरज संस्थानच्या आश्रयामुळे विष्णु दिगंबरांना एका समारंभाचे निमंत्रण आले. गुरूंना मात्र ते आले नाही, आणि या प्रसंगाचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला, असे चरित्रकार सांगतात. गवयाला समाजात प्रतिष्ठा नाही, ही खंत घेऊन १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. पुढील प्रवासात सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. तिकिटामुळे श्रोता आणि गायक यांच्यातील संबंध बदलला. आश्रयदात्याच्या मर्जीऐवजी ठरलेली वेळ, ठरलेले मोल आणि सर्वांना खुली जागा ही त्या संबंधाची अंगे झाली.

मात्र तिकिटाच्या युक्तीने एवढे सारे साधले नसते. येथे त्यांच्या घरातील कीर्तनपरंपरेचा विचार करावा लागतो. कीर्तनाला स्त्रिया, मुले, वृद्ध असे सारे कुटुंब बसते. आरंभी नमन, मधे आख्यान आणि शेवटी आरती असा त्याचा क्रम सर्वांना परिचित असतो. कीर्तनकार रागदारीत गायिला तरी त्याच्या चारित्र्याविषयी कोणी शंका घेत नाही. ही विश्वासार्हता विष्णु दिगंबरांनी ख्यालगायनाच्या बैठकीत आणली. प्रार्थनेने आरंभ, भजनाने शेवट, व्यासपीठावर शुचिर्भूत वेष आणि शिष्यांची शिस्त ही त्यांच्या जलशांची ओळख ठरली. पंजाबात कीर्तनकार ही संस्था मराठी स्वरूपात नव्हती. परंतु भजनाची आणि शबदगायनाची गोडी तेथील हिंदू व शीख घरांत पूर्वीपासून होती. आर्य समाज आणि सनातन धर्म सभा यांच्यामुळे शिक्षणसंस्थांना वर्गणी देण्याची सवयही लाहोरच्या मध्यमवर्गाला लागली होती. बीज महाराष्ट्रातले असले तरी जमीन तयार होती ती पंजाबात.

तरीही आरंभी विद्यार्थी येईनात आणि विष्णु दिगंबर रिकाम्या शाळेत तंबोरा घेऊन एकटेच बसत, ही आठवण त्यांच्या चरित्रांतून आढळते. हा अनुत्साह हळूहळू ओसरला. वर्गांची वेळ ठरलेली, शुल्क ठरलेले, अभ्यासक्रम छापलेला. 'संगीत बालप्रकाश' आणि 'रागप्रवेश' यांसारखी हिंदी पुस्तके विद्यार्थ्याच्या हाती येऊ लागली. संस्थेने स्वतःचा छापखाना घातला आणि 'संगीतामृत प्रवाह' हे मासिकही चालविले. पुस्तकाचे महत्त्व केवळ स्वरलेखनापुरते नव्हते. मुलगा काय शिकतो हे बापाला घरी बसून पाहता येऊ लागले. पूर्वी गुरूच्या ओठी असलेली विद्या पालकाच्या देखरेखीखाली आली. बंदिशींतील शृंगारिक शब्द गाळून त्या जागी भक्तिपर पदे घालण्याचा त्यांचा आग्रहही याच दृष्टीने समजून घ्यावा लागतो. जे सासूसासऱ्यांसमोर म्हणता येईल तेच शिकवावे, अशी ती मर्यादा होती. 'महिला संगीत' या नावाचे पाठ्यपुस्तक निघाले, ते याच मर्यादेच्या आधारावर.

या व्यवस्थेची दुसरी बाजू उपदेशक वर्गात दिसते. पुढे शिक्षक व्हावयाचे अशी मुले नऊ वर्षांच्या करारावर विष्णु दिगंबरांजवळ राहत. त्यांच्या निवासभोजनाचा भार संस्था उचलीत असे. शहरातील संपन्न घरांची मुले तासापुरती येत आणि घरी परतत. उपदेशक वर्गातील बहुधा गरीब मराठी मुले मात्र घर सोडूनच आलेली असत. एकाच छपराखाली आधुनिक शाळा आणि जुने गुरुकुल अशा दोन संस्था नांदत होत्या आणि पहिलीचा डोलारा दुसरीच्या त्यागावर उभा होता. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर आणि नारायण मोरेश्वर खरे ही शिष्यमंडळी विष्णु दिगंबरांच्या या सहवासातूनच घडली.

१९०८ मध्ये विष्णु दिगंबरांनी मुंबईत विद्यालय सुरू केले. तेथे विस्तार झाला, इमारत उभी राहिली, आणि तिच्यासाठी काढलेले कर्जही वाढत गेले. ते फेडण्यासाठी विष्णु दिगंबरांना सतत दौरे करावे लागले आणि अखेर १९२० नंतरच्या दशकात ती वास्तू हातची गेली. लोकांनी मुले पाठविली, जलशांना गर्दी केली, मान दिला. पण संस्थेचे दायित्व मात्र आपले मानले नाही. लोकाश्रयाच्या या मर्यादेची नोंद गौरवपर लेखनात क्वचितच आढळते.

त्याहून गंभीर मर्यादा वेगळीच आहे. गृहस्थाच्या घराचा विश्वास मिळविण्यासाठी जी भाषा स्वीकारली गेली, तिच्यात सर्वांना जागा नव्हती. बाळकृष्णबुवांचे गुरू वासुदेवबुवा जोशी हे ग्वाल्हेरच्या हद्दू-हस्सूखाँ यांचे शिष्य. म्हणजे गांधर्व महाविद्यालयात शिकविली जाणारी गायकी मूळ मुसलमान उस्तादांच्या घरातून आलेली. परंतु रामनामाच्या वातावरणात वाढलेल्या विद्यालयात त्या घरांचा वावर स्वाभाविकपणे कमीच राहिला. ज्या स्त्रियांनी ठुमरी आणि ख्याल पिढ्यान् पिढ्या जतन केले, त्यांच्यापासून वेगळे असणे हीच तर 'कुलीन' मुलीच्या गायनशिक्षणाची अट होती. या मार्गाला पर्याय नव्हता असे म्हणता येणार नाही. अब्दुल करीम खाँ यांच्या आर्य संगीत विद्यालयातही निवासी शिष्य होते आणि जलशांवर संस्था चालत होती. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांनी पुढे तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि स्त्रीच्या गायनाला प्रतिष्ठा मिळवून दिली. प्रतिष्ठेचा प्रश्न कोठल्या घराच्या उंबरठ्यावरून सुटतो, यालाही इतिहासात महत्त्व असते, हे या उदाहरणातून दिसते.

विष्णु दिगंबरांचे कार्य सर्वांत दूरवर पोचले ते नारायण मोरेश्वर खरे यांच्या हातून. गांधीजींच्या साबरमती आश्रमात त्यांनी सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेला रागबद्ध रूप दिले आणि 'आश्रम भजनावली'चे संकलन केले. येथे विद्यार्थी, पालक आणि श्रोता असे भेदच राहिले नाहीत. सारा आश्रम हेच एक कुटुंब आणि तीच शाळा झाली. १९३० च्या दांडीयात्रेतही ते सहभागी होते. १९३१ मध्ये विष्णु दिगंबरांच्या निधनानंतर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. १९३२ मध्ये विनायकरावांनी पुण्यात विद्यालय काढले. आणि त्यांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ मध्ये दिल्लीत. १९४७ च्या फाळणीत लाहोरची ती हिंदू व शीख घरे शहरातून उठून गेली. ज्या कुटुंबांच्या विश्वासावर संस्था उभी राहिली होती, ती कुटुंबेच तेथे राहिली नाहीत. दिल्लीसारख्या शहरांत आलेल्या पंजाबी निर्वासितांच्या पुढील पिढीला ही परंपरा पुन्हा भेटली, ती मंडळाच्या परीक्षांमधून आणि मराठी गुरूंच्या शिष्यशाखांमधून.

एकंदरीत पाहता, गांधर्व महाविद्यालयाचे यश केवळ नव्या अध्यापनपद्धतीत नव्हते. आईबापांच्या मनातील भीती ओळखून तिला वेळापत्रक, पुस्तक, प्रार्थना आणि शिक्षकाचे आचरण यांतून उत्तर देण्यात ते होते. संगीत घराघरांत पोचले हा त्याचा लाभ, आणि काही घरे बाहेर राहिली ही त्याची किंमत. संगीत विद्यालयांच्या इतिहासाने या दोहोंचा हिशेब एकत्र मांडला पाहिजे. कारण आजही एखादी संस्था 'समाजापर्यंत' जाण्याची भाषा करते तेव्हा त्या समाजात कोणाची घरे धरली आहेत, हा प्रश्न शिल्लकच असतो.