ज्वारीच्या मुलखातला तांदूळ

विद्यार्थ्याच्या पोटाची चिंता आपल्याकडे पूर्वी कोणी केलीच नाही, असे नाही. वार लावून जेवणारी, माधुकरी मागून शिकणारी मुले आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिली होती. मात्र तो वार कोणाला मिळे आणि कोणाला उंबऱ्याबाहेरूनच परतावे लागे, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

मद्रास राज्यात कामराजांच्या कारकिर्दीत (१९५४-६३) शाळेतले जेवण गावोगाव पोचले. आमच्या मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामी अंमल. तिथे शाळाच विरळ, मग जेवण कुठले! १९७२ च्या दुष्काळात सुकडी आली, तीही दुष्काळाबरोबर गेली.

पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची योजना सुरू झाली. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. महिन्यात ऐंशी टक्के हजेरी भरली की मुलाला तीन किलो तांदूळ. नांदेड-लातूरकडे रोजचे अन्न ज्वारीची भाकरी, भात सणासुदीचा. त्यामुळे त्या पिशवीचे घरात कौतुक होई. पण पिशवी घरी गेली की तांदूळ एकट्या बाळ्याचा थोडाच राहतो! तो साऱ्या कुटुंबाच्या पातेल्यात शिजे, आणि शाळेत बाळ्या उपाशीच. हजेरीपटाला मात्र एकाएकी धान्याचे मोल आले. आम्हा मास्तरमंडळींच्या हाती खडूऐवजी तराजू आला तो असा.

२८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की कोरडे धान्य नको, शिजवलेले अन्न द्या. किमान ३०० उष्मांक, ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षाचे निदान दोनशे दिवस. मग शाळेच्या आवारात खिचडी रटरटू लागली. २० एप्रिल २००४ च्या आदेशाने आणखी एक गाठ सोडवू पाहिली: स्वयंपाकासाठी दलित आणि आदिवासी यांना प्राधान्य द्यावे. ज्या मुलखात पाणवठेसुद्धा वेगळे होते, तिथे तिच्या हातची खिचडी साऱ्यांच्या लेकरांनी एका पंगतीत खायची! माझ्या मते या योजनेतले सर्वांत धाडसाचे वाक्य तेच. उष्मांक मोजता येतात. पंगतीतून ऊठ म्हणून पोराला खुणावणारा बाप कोणत्या रकान्यात लिहायचा?

२००८ पासून आठवीपर्यंतची मुले या पंगतीत आली. नववीतल्या पोराला भूक कमी लागते, असे कोणी ठरवले कोण जाणे. २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडे, न खाणाऱ्याला केळे, असे राज्याने ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा निधी थांबला. द्यायचे असेल तर शाळांनी लोकवर्गणी काढावी, असे कळवण्यात आले.