जुना कॅमेरा घेताना आपण नेमकं काय विकत घेतो?

आजचा प्रश्न वरवर पाहता बाजारातला आहे. वापरलेला, पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा मीडियम फॉरमॅट फिल्म कॅमेरा विकत घ्यावा की नाही? या व्याख्यानमालेत आपण एरवी कल्पनांचा इतिहास पाहतो, त्यात हा विषय कुठून आला, असं कुणाला वाटेल. पण हल्ली बरीच तरुण मंडळी हा प्रश्न विचारतात, आणि त्यात पैसाही बराच गुंतलेला असतो. शिवाय उत्तर शोधताना इतिहास जितका उपयोगी पडतो, तितकी विक्रेत्याची जाहिरात पडत नाही. म्हणून आपण एकच उदाहरण घेऊ, जर्मनीतल्या रोलीफ्लेक्सचं.

१९२० साली ब्राउनश्वाइग या गावी पाउल फ्रांके आणि राइनहोल्ड हायडेके या दोघांनी कारखाना काढला. फ्रांके व्यवहार सांभाळणारे, हायडेके यंत्र जाणणारे. सुरुवातीला ते स्टिरिओ कॅमेरे करत. त्या कॅमेऱ्याला तीन भिंगं असत. कडेच्या दोन भिंगांनी दोन फोटो निघत आणि मधल्या भिंगातून छायाचित्रकार दृश्य पाही. आता यातलं कडेचं एक भिंग काढून टाका आणि उरलेली दोन एकावर एक उभी करा. वरच्यातून पाहायचं, खालच्यातून फोटो काढायचा. झाला रोलीफ्लेक्स! तो १९२९ साली बाजारात आला. नवी वस्तू बहुधा अशी जुन्या वस्तूत थोडी काटछाट करूनच तयार होते.

पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना पुढची आहे. पहिल्या रोलीफ्लेक्सला ११७ क्रमांकाची फिल्म लागे आणि एका रोलमध्ये सहाच फोटो येत. १९३२ साली कंपनीने १२० क्रमांकाची फिल्म लागणारं मॉडेल आणलं, त्यात बारा फोटो येऊ लागले. दिसायला फरक छोटा. परिणाम मात्र बघा: ११७ ची फिल्म पुढे बंद झाली आणि ते पहिले कॅमेरे बहुतेक कपाटात गेले. १९३२ नंतरचे रोलीफ्लेक्स, यंत्र धड असेल तर, आजही चालतात. कारण १२० ची फिल्म आजही बनते.

ही १२० ची फिल्म कोडॅकने १९०१ साली आपल्या स्वस्त ब्राउनी कॅमेऱ्याच्या दोन नंबरच्या मॉडेलसाठी काढली. म्हणजे साध्या डबा-कॅमेऱ्याची फिल्म पुढे जगातल्या उत्तमोत्तम कॅमेऱ्यांची फिल्म झाली. तिचा चौरस निगेटिव्ह साधारण ५६ मिलिमीटर बाजूचा. ३५ मिलिमीटर फिल्मचा निगेटिव्ह २४ बाय ३६. गुणाकार करून पाहा: एकीकडे ३,१३६ चौरस मिलिमीटर, दुसरीकडे ८६४. साडेतीन पटींहून अधिक जागा. मीडियम फॉरमॅटची जी कीर्ती आहे, तिचं मुख्य कारण ही जागा. फोटो मोठा केला तरी बारकावे टिकतात.

याच कोडॅकने १९३१ साली ६२० नावाची फिल्म आणली. आतली फिल्म तीच, फक्त रीळ बारीक केलं. ६२० चे कॅमेरे लाखांनी खपले, आणि १९९५ साली कोडॅकने ती फिल्म बंद केली. आज ते कॅमेरे अगदी स्वस्तात मिळतात, पण १२० ची फिल्म अंधारात दुसऱ्या रिळावर गुंडाळून घेतल्याशिवाय बहुतेकांत चालत नाही. तेव्हा पहिली गोष्ट ही, की कॅमेरा घेताना आपण एकटं यंत्र घेत नाही. फिल्म बनवणारा कारखाना, रोल धुणारी लॅब आणि यंत्र उघडू शकणारा कारागीर, या तिघांशी आपण नातं जोडतो. त्यातला एक जरी गेला, तरी उत्तमातला उत्तम कॅमेरा कागद दाबायच्या कामाचा राहतो.

आपल्याकडचा अनुभव हेच सांगतो. पन्नाशीच्या पुढच्या श्रोत्यांना अॅग्फाचा क्लिक थ्री आठवत असेल. तो बडोद्याला बनत असे. ऊन की ढग एवढीच निवड करायची आणि खटका दाबायचा. त्यालाही हीच १२० ची फिल्म लागे आणि बारा चौरस फोटो येत. मराठी घरांतल्या जुन्या अल्बममधले सहलीचे, बारशाचे, अंगणातल्या आजी-आजोबांचे कितीतरी फोटो त्यानेच काढलेले आहेत. फिल्मसाठी सरकारने १९६० साली उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा कारखाना काढला. त्याची ‘इंदू’ फिल्म अनेकांनी वापरली असेल. आज ती बाजारात नाही. आता रोल बाहेरून येतो, त्यामुळे त्याची किंमत आपल्या हातात नाही. हा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीइतकाच विचारात घ्यायला हवा.

आता आम्हा तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांच्या आवडीच्या एका जहाजाकडे वळू. प्लुटार्कने सांगितलंय की थिसिअसचं जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं. फळी कुजली की नवी बसवायची. सगळ्या फळ्या बदलल्यावर ते तेच जहाज राहिलं का? सतराव्या शतकात थॉमस हॉब्जने त्यात भर घातली: काढून टाकलेल्या जुन्या फळ्या गोळा करून कुणी दुसरं जहाज बांधलं, तर खरं कोणतं?

जुन्या कॅमेऱ्याच्या बाजारात ही दोन्ही जहाजं शेजारी शेजारी मांडलेली असतात. एक कॅमेरा ‘ओरिजिनल’ असतो. चामडं मूळचं, आरसा मूळचा, पाहायची काचही मूळची. पण आरशाची चांदी उडालेली आणि शटर आखडलेलं. दुसऱ्याचा आरसा नवा, काच नवी, शटर खोलून साफ केलेलं. संग्राहक पहिल्याला जास्त पैसे देईल, फोटो काढणाऱ्याने दुसरा घ्यावा. दोन्ही निवडी योग्य असू शकतात. घोटाळा होतो तो आपण कोण आहोत हे न ठरवता बाजारात गेल्यावर. मग संग्राहकाची किंमत मोजून आपण वापरणाऱ्याची अपेक्षा घरी आणतो.

वापरायला घ्यायचा असेल तर तो हातात घेऊनच पाहावा. शटर एक सेकंदावर लावून कान द्या. आतल्या बारीक चक्रांचा आवाज एकसारखा यायला हवा. मध्येच अडखळला किंवा पाती उघडी राहिली, तर आतलं जुनं तेल घट्ट झालंय असं समजावं. मग लेन्समधून टॉर्चचा प्रकाश टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत ती फार लवकर धरते आणि काचेवरचा लेप खाते. कॅमेरा चामड्याच्या पेटीत वर्षानुवर्षं बंद असेल तर जास्तच, कारण चामडं ओल धरून ठेवतं. या प्रकारच्या कॅमेऱ्यात पाहायची लेन्स वेगळी आणि फोटोची वेगळी. दोन्हींचा फोकस जुळतो का, हेही तपासायला हवं. मागचं झाकण उघडून फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून धरा, शटर उघडं ठेवा आणि लांबचा दिवा दोन्हीकडे एकाच वेळी स्पष्ट दिसतो का ते बघा. लाइटमीटर बंद असला तर मात्र फार वाईट वाटून घेऊ नका. मीटर वेगळा मिळतो, हल्ली फोनवरही चालतो. जपानी याशिका-मॅट १२४जी या लोकप्रिय कॅमेऱ्याचा मीटर ज्या पाऱ्याच्या सेलवर चाले, तो सेलच आता बनत नाही. तरी फोटो निघतातच.

मग एक युक्तिवाद हमखास येतो: ‘किंमत वाढतेच आहे, गुंतवणूक म्हणून घेऊ.’ ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये जोड्याचं उदाहरण दिलंय. जोडा पायात घालता येतो आणि त्याच्या बदल्यात दुसरी वस्तूही घेता येते. दोन्ही जोड्याचेच उपयोग, पण जोडा बनला तो घालण्यासाठी. कॅमेऱ्याच्या बाबतीत याला एक यांत्रिक बाजूही आहे. गुंतवणूक म्हणून कपाटात ठेवलेला कॅमेरा आहे तसा राहत नाही. शटर न चालवता पडून राहिलं की आखडतं. वापर थांबला की वस्तूच बिघडते, आणि तिच्याबरोबर गुंतवणूकही.

याच्या उलट टोकाला व्हिव्हियन मायर ही शिकागोत मुलं सांभाळणारी बाई आहे. तिने १९५२ साली पहिला रोलीफ्लेक्स घेतला आणि पुढे अनेक वर्षं रस्त्यावरचे फोटो काढले. ते जवळजवळ कुणालाच दाखवले नाहीत. २००७ साली भाडं थकलेल्या गोदामातलं तिचं सामान लिलावात निघालं, तेव्हा निगेटिव्हचे ढीग आणि न धुतलेले शेकडो रोल सापडले. २००९ साली ती गेली. तिला बाजारभाव ठाऊक होता का, हा प्रश्नच उद्भवत नाही. रोलीफ्लेक्समध्ये पाहायला मान खाली घालावी लागते, समोरच्यावर डोळे रोखावे लागत नाहीत. रस्त्यावरच्या माणसांत तिला जी जागा मिळाली, त्यात कॅमेऱ्याच्या या रचनेचाही वाटा होता.

तर मग घ्यावा का? आपण एक हिशेब करू. महिन्याला एक रोल म्हणजे वर्षाला १४४ फोटो. फोनवर एका लग्नात याहून जास्त निघतात. वर्षभर दर महिन्याला बारा वेळा थांबून, मीटर पाहून, विचार करून खटका दाबायची तयारी आहे का? रोल धुवायला कुठे द्यायचा, हे ठाऊक आहे का? कॅमेरा उघडू शकणारा माणूस आपल्या शहरात, निदान टपालाने गाठता येईल असा, आहे का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर जरूर घ्या, आणि दिसण्यापेक्षा दुरुस्तीवर खर्च केलेला घ्या. एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर तूर्त थांबा. घरच्या माळ्यावर, नातेवाइकांकडे क्लिक थ्री पडलेला असेल तर तो खाली काढा, पुसा आणि त्यात एक रोल घाला. तो रोल संपायला किती दिवस लागतात, यावरून महागड्या कॅमेऱ्याबद्दलचं आपलं उत्तर आपल्याला कळेल.

यात आपल्या पैशाखेरीज आणखीही काही पणाला लागलेलं आहे. रोलीफ्लेक्स बनवणारी कंपनी जपानी स्पर्धेत मागे पडली आणि १९८१ साली दिवाळखोरीत गेली. कंपनी बुडाली तरी तिचे कॅमेरे चालत राहिले, कारण ते उघडून पुन्हा जोडणारे हात शहराशहरांत होते. ते हात आता म्हातारे झालेत. त्यांना कळतं ते पुस्तकात पुरतं उतरत नाही. शटर किती घट्ट असावं, हे बोटांना कळतं. दुरुस्तीला कॅमेरेच आले नाहीत, तर शेजारी बसून शिकायला कोण येणार? वापरणारा प्रत्येक गिऱ्हाईक अशा एखाद्या माणसाला काम देतो. शोभेसाठी घेणारा कॅमेरा दिवाणखान्यात नेऊन ठेवतो, आणि त्या कारागिराचं एक काम कमी होतं.

म्हणून बाजारात जाण्याआधी त्या कारागिराकडे जाऊन यावं. कोणता कॅमेरा घ्यावा, हे विक्रेत्यापेक्षा तो खरं सांगेल. कधी कधी ‘घेऊ नका’ असंही सांगेल. आज इथेच थांबू.